मिलिंददादांचं पाचवं घर

वहिनींचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. ‘सुमे, दादा गेले...’ एवढंच बोलल्या. मिलिंददादा माझे सख्खे भाऊ नव्हेत. पांढरकवड्याला आमच्या शेजारी राहायचे, कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होते आणि भीमजयंतीला वस्तीच्या गायनपार्टीत गिटार वाजवायचे. मला गिटार त्यांनीच शिकवली.

कापसाची ती वर्षं वाईट होती. सहा महिने चालणारं जिनिंग दोनच महिन्यांत थांबायचं, मग दादा दिवसभर ओसरीवर रिकामे. नागपूरहून कोणीतरी आणलेल्या एका झेरॉक्सवरून ते पाच सुरांचा पेंटॅटॉनिक स्केल शिकवत. गिटारच्या दांडीवर तो जिथे जिथे वाजतो, त्या जागांना ते ‘घर’ म्हणायचे. मेजर-मायनरमध्ये मी हमखास गोंधळायचे. ‘बोटं तेच, सूर तेच,’ ते म्हणायचे, ‘तू कोन्त्या सुरावर थांबते, त्यावर गानं हसते का रडते.’ घरं मात्र चारच शिकवली त्यांनी. चौथ्यावरून त्यांचा हात थेट बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर उडी घ्यायचा, आणि त्या उडीला वस्तीत टाळ्या पडायच्या.

पुढे मी नागपूरला शिकायला गेले. तिथल्या क्लासात कळलं, घरं पाच असतात; पाचवं त्या उडीच्या मधेच, दहाव्या फ्रेटजवळ. झेरॉक्स काढताना शेवटचं कागदाबाहेर राहून गेलं होतं. सुट्टीत आले आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे, सगळ्या पार्टीसमोर ते वाजवून दाखवलं. वर मीच हसत म्हणाले, ‘दादा, तुमचं एक घर राहूनच गेलं ना.’ सगळे खो खो हसले. दादाही हसले. ‘असन बापा. आमाले कोन शिकवाले बसलं होतं?’ दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शिकवणं बंद केलं. कोणी आलंच तर म्हणायचे, ‘सुमीले विचारा, माह्यं चुकते.’

मला माफी मागायची होती. पण नोकरी लागली, यवतमाळला बिऱ्हाड झालं, आणि दर वेळी ‘पुढच्या सुट्टीत’ म्हणत मी टाळत राहिले. लाज वाटायची, दुसरं काय...

दादांच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला गेले, तेव्हा वहिनींनी गिटार माझ्या पुढ्यात ठेवली. दहाव्या फ्रेटजवळ लाकूड घासून पांढुरकं पडलं होतं, बाकी दांडी तशीच काळी. ‘दोन वर्षं तेच एक घर वाजवून राह्यले होते,’ वहिनी म्हणाल्या. ‘म्या म्हटलं, आता तं येते ना तुमाले. तं म्हने, सुमी आल्याबिगर कसं समजन, बरोबर हाय का नाही.’

यवतमाळहून पांढरकवड्याची बस दीड तासाची आहे.