मोक्कय्याच्या नावानं

ओच्चम्मा रडायला जायची. उसिलंपट्टीच्या आसपास सात-आठ गावांत कुणाचं मयत झालं, की आधी ढोलवाल्यांकडे माणूस धावे आणि मग तिच्याकडे. बायका एकमेकींच्या गळ्यात हात घालून प्रेताभोवती बसत आणि ओच्चम्मा मेलेल्याचं नाव घेऊन ओप्पारी धरी. त्याची चाल, त्यानं लावलेलं झाड, त्याचा शेवटचा घास, सगळं त्या विलापात येई. ज्याच्यासाठी घरच्यांच्याही डोळ्यांतून टिपूस निघणार नाही असा माणूससुद्धा तिच्या तोंडून ऐकताना लाखमोलाचा वाटे.

नियम एकच. प्रेत नाही तर ओप्पारी नाही. शेतात नाही, चुलीपाशी नाही, गुणगुणायचीही नाही. जिवंत माणसाचं नाव ओप्पारीत घेणं म्हणजे त्याला आपल्या हातानं मातीत घालणं.

तिचा थोरला भाऊ मोक्कय्या लढाईच्या आधी रंगूनला गेला. तिथं भाताच्या गिरणीत होता. बॉम्ब पडले. माणसं रान तुडवत पायी परत आली. मोक्कय्या आला नाही, आणि मेल्याची खबरही आली नाही. त्याची बायको विरुमायी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पुढं बावीस वर्षं ती कपाळाला कुंकू लावत राहिली, गळ्यात ताली, म्हणजे तिचं मंगळसूत्र, घालत राहिली. गावानंही तिला सवाष्णच मानलं. हळदीला तिचा हात लागायचाच. ओच्चम्माला ना नवरा उरला होता ना मूल. नवऱ्याच्या मागं ती माहेरी आली आणि नणंद-भावजय एका चुलीवर जेवू लागल्या.

इतक्या जणांवर ती रडली. भावावर मात्र कधी रडली नाही. शेजारी विरुमायी कुंकू लावत बसलेली असे. रडणार कशी?

चौसष्ट साली मद्रासची सिनेमा कंपनी वैगई नदीच्या काठी आली. सिनेमात घरातला कर्ता माणूस मरतो आणि सगळं घर मोडतं. संगीतकाराचा मदतनीस सुंदरेसन एका मयताला योगायोगानं उभा होता. तिथं त्यानं ओच्चम्माला ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दारात हजर.

"प्रेत कुठाय?" ओच्चम्मानं विचारलं.

"अम्मा, सिनेमातलं प्रेत. संध्याकाळी उठून इडली खातं."

"मग त्याच्यावर कशाला रडायचं? त्याला सांबार वाढा."

विरुमायी तोंडाला पदर लावून हसली. तिलाच हौस होती. "जा गं ओच्चम्मा. आपल्या घरचा आवाज एकदा सिनेमाच्या तंबूत ऐकू दे की." गावातला वडीलधारा पेरियकरुप्पन म्हणाला, सिनेमातलं खोटं नाव घेऊन रडलं तर दोष नाही. त्या नावाचा माणूसच नाही, तर मरणार कोण?

मद्रासच्या स्टुडिओत चाळीस वादक होते. खोली थंडगार. काचेपलीकडे संगीतकार. खोटं नाव होतं रामलिंगम. ओच्चम्मानं दोनदा रामलिंगमवर ओप्पारी धरली. दोन्ही वेळा वादकांनी हात थांबवले.

"गळा आहे," काचेपलीकडून आवाज आला. "त्यात माणूस नाही."

सुंदरेसन जवळ आला. "अम्मा, कुणाचंही नाव घ्या. तुमचं स्वतःचं कुणी गेलं असेलच ना."

मद्रासमध्ये मोक्कय्याला ओळखणारं कुणी नव्हतं. विरुमायी दीडशे कोसांवर होती. ओच्चम्मानं डोळे मिटले आणि भावाला हाक मारली. निघायच्या दिवशी त्यानं उभ्याउभ्या खाल्लेला गूळ आला. वळून न बघता तो बांधावरून गेला, ते आलं. बावीस वर्षांचं एकदम आलं. थांबली तेव्हा एक म्हातारा व्हायोलिनवाला बाहीनं नाक पुसत होता.

बाहेर आल्याबरोबर ती सुंदरेसनला म्हणाली, "त्यातलं नाव तेवढं काढा हं."

"काढतो की, अम्मा."

चाळीस वाद्यं आणि तिचा आवाज एकाच फितीवर होता. नाव काढायचं तर सगळंच गेलं असतं. हे तिला कुणी सांगितलं नाही.

सिनेमा तंबूत लागला तेव्हा अख्खी आळी गेली. विरुमायी वाळूवर ओच्चम्माला खेटून बसली होती. भावजयीचा हात नणंदेच्या हातात होता. पडद्यावर प्रेत आणलं. मग ओच्चम्माचा आवाज आला आणि त्यात मोक्कय्याचं नाव आलं. एकदा नाही, पाच वेळा. बायका माना वळवून बघू लागल्या.

विरुमायीनं हात काढून घेतला.

 घराच्या दाराशी तिनं विचारलं, "पत्र कधी आलं?"

"कसलं पत्र?"

"मेल्याचं."

"पत्र नाही आलं गं वहिनी. अय्यनार देवाची शपथ."

"मग जिवंत माणसावर रडलीस?"



सकाळी देवळापुढं पंच बसले. मेला म्हटलं तर विरुमायीची ताली आजच उतरणार होती. ती सोडून तिला न्हाऊ घालायला म्हाताऱ्या विधवा पाण्याचा घडा घेऊन तयारच होत्या. जिवंत म्हटलं तर ओच्चम्मानं सख्ख्या भावाला शाप दिला होता.

"सिनेमावाल्यांनी भाऊसुद्धा विकत घेतला वाटतं!" गर्दीतून एक बाई म्हणाली.

"बहीण रडली म्हणजे मेलाच," दुसरी म्हणाली. "काढा ताली."

"सरळ सांग, ओच्चम्मा," पेरियकरुप्पन म्हणाला. "मेला का जिवंत?"

ओच्चम्मानं विरुमायीकडे पाहिलं. ताली तिच्या मुठीत होती.

"जिवंत आहे," ओच्चम्मा म्हणाली. "आठवण आली म्हणून रडले. दोष माझा."

"मग यापुढं कुणाच्या मयताला तुझा आवाज नको."

"बरं."

घडा परत गेला. ओच्चम्माला वाटलं, निदान वहिनी वाचली.

विरुमायीनं दुपारी दोघींची ताटं वाढली. स्वतःच्या ताटाला हात लावला नाही.

"पंचांपुढं जिवंत म्हणालीस. तुझ्या मनात काय आहे?"

"तेच. जिवंत आहे."

"तुझ्या शेजारी बसून मी किती मयतांना रडले, ओच्चम्मा. तुझा खोटा गळा मला कळतो. काल तंबूत ऐकला तो खोटा नव्हता. कधीपासून तो मेलाय तुझ्यासाठी? इतकी वर्षं मी कुंकू लावताना समोर बसून बघायचीस ना?"

ओच्चम्मा खाली बघत राहिली. तेच उत्तर झालं.

त्यानंतर महिनाभर विरुमायी कुंकू लावत होती. हळदीला कुणी बोलावेना. बोलावलं असतं तरी ती गेली नसती. मग आडी महिन्यात एका पहाटे ती एकटीच वैगईवर गेली. पंच नाहीत, विधवा नाहीत, घडा नाही. परत आली तेव्हा गळा मोकळा होता आणि कपाळ कोरडं.

ओच्चम्मा दारात उभी होती. अशा वेळी नणंदेनं भावजयीच्या गळ्यात पडून ओप्पारी धरायची असते. दुसरं कुणी चालत नाही.

"आता रड," विरुमायी म्हणाली.

ओच्चम्मानं तिच्या गळ्यात हात टाकले. तोंड उघडलं. भावाचं नाव ओठांपर्यंत आलं, पण पुढं काही येईना. ना गूळ, ना बांध. ते सगळं मद्रासच्या फितीवर राहिलं होतं.

विरुमायी बराच वेळ थांबली. मग तिनं गळ्यातले हात हळूच सोडवले आणि ती चूल पेटवायला आत गेली.