नारळ कुणाच्या हातून

मी लेखिका नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि पप्पांबद्दल लिहावं एवढी माझी तयारीही नाही. चुकलं तर माफ करा. पण तो नारळ डोळ्यांसमोरून जात नाही.

मीरा रोडच्या एका बंगल्यात सिरीयलचं शूटिंग चालायचं. पप्पांचा चष्मा घरी राहिला होता, तो द्यायला मी गेले. नवा सेट लागला होता. पहिल्या शॉटआधी नारळ फोडायचा, आणि तो युनिटमधल्या वयाने सगळ्यात मोठ्या कलाकाराने, अशी तिथली पद्धत. आजोबांचं काम करणारे वारले, तेव्हापासून मोठे पप्पाच. सेटवरची वरकामं करणाऱ्या स्पॉटदादाने नारळ त्यांच्या हातात दिला. पप्पा धोतर सावरून वाकले.

"अहो, यांच्या हातून नको," सासूचं काम करणाऱ्या बाई म्हणाल्या. "शुभकार्य आहे. आडनाव तरी बघा."

कुणीतरी हसलं. बाकीचे मोबाईलमध्ये बघायला लागले.

पप्पा परभणीहून आले ते नाटकापायी. आंबेडकरी जलशांत गायले. स्पर्धांच्या नाटकांत राजा झाले, वकील झाले. टीव्हीवर आले आणि नोकर झाले. हवालदार, वॉचमन, शेवटी या सिरीयलमधला घरगडी सखाकाका. घराजवळच्या केबिन रोडवर भाजीवाला ओरडायचा, "अरे सखाकाका, इधर आओ, कोथिंबीर फ्री!" पप्पा खूश.

आमच्या घरी नारळ फोडत नाहीत, बुद्धवंदना होते. पण तो मान वयाचा होता, इतक्या वर्षांच्या कामाचा होता. म्हणून त्यांनी हात पुढे केला होता.

पप्पांनी नारळ परत दिला. म्हणाले, "जी, बाईसाहेब."

सखाकाकाच्या आवाजात. कॅमेरा बंद होता.

ते मला ऐकवलं नाही.  मी बोलले, "नारळ पप्पाच फोडतील. नाहीतर पप्पा आज काम करणार नाहीत."

पप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग सखाकाकाची टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि माझ्यासोबत बाहेर पडले. रिक्षात एवढंच म्हणाले, "आजचं सगळं पाठ होतं गं."

दुसऱ्या दिवशी सिरीयलच्या मॅनेजरचा फोन. "मुलीला एक सॉरी बोलायला सांगा. विषय संपला."

पप्पांनी निरोप सांगितला. बोल असं म्हणाले नाहीत, बोलू नको असंही नाही. रोज सकाळी दाढी करून, चष्मा लावून फोनजवळ बसायचे. इंद्रलोक वस्तीतल्या आमच्या एका खोलीच्या घरात ते बघण्यावाचून इलाज नव्हता.  तरी मी सॉरी बोलले नाही.

शेवटी फोन आला तो सेटवर कपडे सांभाळणाऱ्या ड्रेसदादाचा. "भाऊ, नवीन सखाकाका आलाय. आज त्याचा शॉट झाला. म्हटलं, माझ्याकडून कळावं."

 पप्पांनी विचारलं, "माझी टोपी बसते का त्याला?"

"बसते, भाऊ."

लिहिण्यातल्या चुकांची माफी मी वर मागितली आहे. त्या नारळाची मागणार नाही. पप्पांसाठीसुद्धा नाही.