ळ गिळणारं यंत्र

परभणीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटात शांतम्मा शिकवायला उभी राहिली, की नव्या पोरी आधी तिच्या हातांकडं बघायच्या. बोटांपासून मनगटापर्यंत पांढरं कोड उतरलेलं. पण त्या बोटांखाली मशीन एकदा का वाजायला लागलं, की पोरींच्या डोक्यातून कोड निघून जायचं. मराठी असो की इंग्रजी, शांतम्मा कागदाकडं बघून टाईप करायची, अक्षरांकडं बघायची तिला गरज पडत नव्हती.

तिचे वडील चंद्रप्पा पालमचे. किराणा दुकान, कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग, आणि मापात कधी खोट नाही. लेकीला बघायला पाहुणे यायचे, चहा प्यायचे, हात बघायचे, आणि मग त्यांचा निरोप म्हणून यायचा नाही. असं चार-सहा वेळा झाल्यावर चंद्रप्पांनीच पाहुणे बोलवायचे बंद केले आणि तिला परभणीला टायपिंग शिकायला धाडलं. शिकता शिकता ती तिथंच मास्तरीण झाली.

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात इन्स्टिट्यूटात माणिकराव पाळक आले. परभणीतल्या एका लहानशा चर्चचे ते धर्मगुरू, म्हणजे पाळक. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांनी जाताना आपला कॉम्प्युटर चर्चला दिला होता. त्यात मराठी अक्षरं उमटवणारं कार्डही बसवलेलं होतं. पण चर्चमध्ये त्याला हात लावणारं कुणी नव्हतं.

"मराठी टायपिंग येणारं कुणी मिळेल का?" पाळकांनी विचारलं. "दुपारपुरतं काम आहे."

शांतम्मानं कॉम्प्युटर तोवर फक्त बँकेच्या काचेआडून बघितला होता. तरी ती म्हणाली, "मी येते. पण आधी अप्पांना विचारते."

रविवारी ती एसटीनं पालमला गेली. चंद्रप्पा गिऱ्हाइकाला डाळ जोखत होते. लेकीचं बोलणं ऐकून त्यांचा हात तागडीवरच थांबला.

"चर्चात? धर्म बदल म्हनायलेत का?"

"न्हाई अप्पा. टायपिंग कर म्हनायलेत."

चंद्रप्पांनी डाळ पुडीत बांधली, गिऱ्हाईक वाटेला लावलं, आणि मग बोलले, "मग जा की. कायक म्हंजी कष्टाची पूजा, ती कुठंबी केली तरी कायकच हाय. पर इमानानं कर."

कॉम्प्युटरमध्ये बायबलच्या अभ्यासाचा एक प्रोग्राम होता, सगळा इंग्रजी. एखादा शब्द टाकला, की तो शब्द बायबलात कुठं कुठं आलाय ते क्षणात पुढं यायचं. वचनाखाली मोठमोठ्या पंडितांची टीका, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारं भाष्य, उघडायची. पाळक खूश होते, पण त्यांच्या मंडळींपैकी कितीजणांना इंग्रजी येणार? शांतम्मा प्रोग्रामबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचायला लागली. निम्म्याच्या पुढं गेल्यावर तिला एक प्रकरण सापडलं. वापरणाऱ्याला आपला स्वतःचा मजकूर त्या प्रोग्रामात घालता येतो, असं त्यात लिहिलं होतं. ठरावीक पद्धतीनं टाईप करायचं, वचनाचा आकडा पुढं लावायचा, आणि एक हुकूम द्यायचा. मग तो मजकूर पंडितांच्या शेजारी जाऊन बसतो.

"म्हणजे बायबलातलं शुभवर्तमानही मराठीत घालता येईल?" पाळकांनी विचारलं.

"घालून बघू."

छापणाऱ्या संस्थेची परवानगी पाळकांनी पत्रानं मागवून घेतली, आणि शांतम्मा कामाला लागली.

त्याच दिवसांत तिची कस्तुराबाईशी गाठ पडली. कस्तुराबाई पिंगळीहून पॅसेंजर गाडीनं यायची. साठी ओलांडलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू, पायात टायरची चप्पल. ती बायबल बाई होती, म्हणजे खेडोपाडी पायी फिरून बायकांना बायबलातल्या गोष्टी समजावून सांगणारी. पहिल्याच भेटीत तिनं शांतम्माचा हात हातात घेतला आणि बोटं चाचपून म्हणाली, "टाईप करतीस म्हने. बोटं तर लय मऊ हाईत."

शांतम्माचा हात आपणहून असा कुणी धरल्याला बरीच वर्षं झाली होती.

बाई कशी शिकवते ते शांतम्मानं एका दुपारी ओसरीवर बसून ऐकलं. जिंतूरकडच्या खेड्यातून आलेल्या एका नव्या बायबल बाईला ती खमिराचा दाखला समजावत होती. पिठात थोडंसं खमीर मिसळलं आणि सगळं पीठ फुगलं, अशी ती गोष्ट.

"आपल्या बाया ज्वारीची भाकर करत्यात. त्यायला खमीर काय ठावं? तर खमीर म्हनायचंच न्हाई. विरजन म्हनायचं. चमचाभर विरजन लावलं की गाडगंभर दूध दही व्हतंय का न्हाई? बघाय गेलं तर विरजन दिसत न्हाई, पर काम करायलंय. देवाचं राज्य तसं."

शांतम्मा घरची शिवभक्त. पण ही गोष्ट तिला तिथल्या तिथं कळली.

"मावशी, हे सगळं कुठं लिहून ठेवलंय?"

"लिहिलं व्हतं," कस्तुराबाई म्हणाली. "अठ्ठ्याहत्तर साली इद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, अन् माझ्या सासरच्या गावात दंगल उसळली. आमची वस्ती पेटवली. पेटीभर कागद व्हतं, समदं गेलं. म्या भावाकडं पिंगळीला आले ती नेसत्या लुगड्यानिशी." मग ती म्हणाली, "कागद जळतंय, माय. तोंडातलं जळत न्हाई. पर तोंड म्हातारं व्हायलंय."

शांतम्मानं खोक्यातली एक फ्लॉपी काढून तिच्या हातावर ठेवली. "तुमी सांगा, मी ह्याच्यात घालते. एक इथं ठेवू, एक नांदेडला धाडू, एक जालन्याला. एकाच वेळी समद्या कशा जळतील?"

कस्तुराबाईनं ती चौकोनी चकती उलटीपालटी करून बघितली. "एवढ्याशात मावतंय व्हय समदं?"

"मावतंय."

"मग उद्याच येते."

चर्चच्या कमिटीत मात्र कुरबूर झाली. सेक्रेटरी दिनकरराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. "पंडितांनी जन्म घालवून टीका लिहिल्या. त्यांच्या ओळीत आपण घरातलं बोलणं बसवायचं? लोक हसतील." पाळकांनी वाद घातला नाही. त्यांनी दिनकररावांनाच एक काम दिलं. टाईप झालेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि कस्तुराबाई चूक सांगेल ती पेन्सिलीनं सुधारायची. दिनकरराव कुरकुरत बसले, पण गाडीचा हिरवा झेंडा दाखवावा तशा नेमानं रोज येऊन बसायला लागले.

पावसाळा गेला, थंडी आली, आणि पुढचं वर्षही सरत आलं. शुभवर्तमान पुरं झालं. त्याला जोडून कस्तुराबाईचे शंभरावर पाठ झाले. शांतम्मानं हुकूम दिला, यंत्रानं थोडा वेळ घरघर केली, आणि पडद्यावर मराठी उमटलं. पाळक खुर्चीवरून उठून उभे राहिले. दिनकररावांनी चष्मा सावरून वाचायला सुरुवात केली आणि दोन ओळींत अडखळले.

"हे काय? 'चांगला मेंढपा.' पुढं काहीच नाही."

शांतम्मानं दुसरं वचन उघडलं. तिथं 'फळ' नव्हतं, नुसता 'फ' होता. तिसऱ्या ठिकाणी 'बाळ'चा 'बा' झालेला, आणि बाळाची पुढची सगळी हकीकत गायब. जिथं जिथं ळ यायचा, तिथं वचन तुटायचं. देऊळ, खळं, आभाळ, डोळा, कूळ, जवळ. मराठीत ळ किती ठिकाणी बसलाय ते त्या दिवशी तिला उमगलं.

 दिनकररावांनी पेन्सिल खाली ठेवली, तेवढ्यानंच शांतम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. दीड वर्षाचं काम होतं ते.

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई आली. तिला सगळं सांगितल्यावर ती खो खो हसायला लागली. "तुज्या मशिनीला ळ यीना व्हय? माजी धाकलीबी लहानपनी बाळाला बाल म्हनायची. रागं भरून काय व्हतंय? शिकवावं लागतंय."

शांतम्मा शिकवायला बसली. यंत्राच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा, एवढं तिला पुस्तकातून कळलं होतं. तिनं मराठी कार्डाचं माहितीपत्रक काढलं, त्यातला अक्षरांच्या आकड्यांचा तक्ता एका बाजूला ठेवला. दुसऱ्या बाजूला प्रोग्रामचं जाड पुस्तक. दिनकररावांनी पुन्हा पेन्सिल उचलली आणि ते एकेक आकडा वाचायला लागले, ती जुळवून बघायला लागली. इंग्रजी पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानांवर, बारीक टायपात, तो आकडा सापडला. वचन कुठं संपतं हे यंत्राला कळावं म्हणून प्रोग्राम करणाऱ्यांनी एक गुप्त खूण ठरवली होती. इंग्रजीत त्या आकड्याचं कुठलंच अक्षर नव्हतं. मराठी कार्डात नेमका तोच आकडा ळ चा होता. बिचाऱ्या यंत्राला ळ दिसला, की त्याला वाटायचं, झालं, वचन संपलं.

"म्हणजे चूक कुणाचीच नाही," दिनकरराव म्हणाले. "दोन गाड्यांना एकच नंबर दिलाय."

ती खूण बदलायची सोयही त्याच पानावर दिलेली होती. मराठीत कुठल्याच अक्षराचा नाही असा एक आकडा दोघांनी शोधला. शांतम्मानं तो घातला आणि पुन्हा हुकूम दिला. यंत्र घरघरलं. दिनकररावांनी खुर्ची पुढं ओढली.

"चांगला मेंढपाळ," त्यांनी वाचलं. मग पुढची ओळ. मग पूर्ण प्रकरण, न थांबता, रविवारी वेदीपुढं वाचतात तशा आवाजात. पाळक आतून धावत आले, तरी ते थांबले नाहीत.

जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. काही दिवस बंद, जमावबंदी, एसटी नाही. कस्तुराबाई पिंगळीतच अडकली. गाड्या सुरू झाल्यावर ती आली ती पदराच्या गाठीत साखर बांधून. तिनं आधी शांतम्माच्या तोंडात घातली, मग पाळकांच्या, मग दिनकररावांच्या. "सोळा वर्सं लागली," एवढंच ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "चल, राहिलेलं सांगते."

मजकूर प्रोग्रामात कायमचा बसवताना यंत्र एक प्रश्न विचारायचं, लेखकाचं नाव काय? शांतम्मानं तो कस्तुराबाईला मराठीत सांगितला.

"चर्चचं लिही की."

"चर्चनं न्हाई सांगितलं, मावशी. तुमी सांगितलं."

कस्तुराबाईनं खुर्ची यंत्राजवळ सरकवली. मग म्हणाली, "लिही मग. कस्तुराबाई, पिंगळी. गाव सोडू नको, गावानं आसरा दिलाय."

फेब्रुवारीत चर्चमध्ये मेळावा भरला. नांदेड, जालना, जिंतूर, बोरी, सगळीकडून बायबल बाया आणि पाळक आले. आणि मागच्या बाकावर, कपाळाला भस्म लावून, चंद्रप्पा येऊन बसले होते. लेकीनं बोलावलं नव्हतं. त्यांना माणिकरावांचं पत्र गेलं होतं.

नांदेडच्या पाळकांनी विचारलं, "आमच्या बायांना खमीर समजत नाही. यावर काही आहे का?"

शांतम्मानं 'खमीर' असा शब्द टाकला. पडद्यावर खमिराची सगळी वचनं एकाखाली एक उभी राहिली, आणि त्यांच्याखाली कस्तुराबाईचा पाठ. वर टीकाकारांची नावं, सगळी इंग्रजी, आणि त्यांच्याच रांगेत 'कस्तुराबाई, पिंगळी'. दिनकरराव उभे राहून पाठ वाचायला लागले. गाडगंभर दुधाची गोष्ट आली तशा बाया एकमेकींकडं बघून माना डोलवायला लागल्या. वाचून संपल्यावर नांदेडच्या पाळकांनी तीन फ्लॉप्या मागितल्या. जालन्याच्यांनी मागितल्याच, वर शांतम्मालाच महिनाभर शिकवायला पाठवा म्हणाले. माणिकरावांनी मागच्या बाकाकडं बघितलं. चंद्रप्पा उठले आणि म्हणाले, "मला काय विचारता? मास्तरीण ती हाय. ती ठरवील." शांतम्मानं हो म्हटलं.

कस्तुराबाई पहिल्या बाकाशेजारी खुर्चीवर ताठ बसली होती. पडदा तिला नीट दिसत नव्हता. बायांनी तिला खुर्चीसकट उचलून पुढं आणलं, तेव्हा तिनं काचेवर बोट टेकवून शांतम्माला विचारलं, "ह्यातलं माजं कंचं?" शांतम्मानं तिचं बोट धरून नावावर नेलं.

दिनकररावांनी पुढचा खळ्याचा पाठ वाचला, तशी बोरीची एक बाई उठली. "पर आमच्याकडं खळ्याचं असं न्हाई सांगत," ती म्हणाली. "उपनायला वारं कंच्या बाजूनं यावं, त्यो मुद्दा ऱ्हायला."

"ऱ्हायला तर तू सांग," कस्तुराबाई म्हणाली. "म्या काय समदं सांगितलंय व्हय?"

मग दुसरी उठली, तिसरी उठली. एकीला मोहरीच्या दाण्याऐवजी राळ्याचा दाणा पाहिजे होता, दुसरीला हरवलेल्या मेंढराची गोष्ट धनगराच्या बाईनं सांगितली तशीच हवी होती. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. दिनकररावांनी खिशातून पेन्सिल काढली आणि बायांना ओळीत उभं केलं. शांतम्मानं नवं कोरं पान उघडलं, पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात अक्षरांवर ठेवले.

"एकेक जनी बोला," ती म्हणाली. "आधी नाव अन् गाव सांगा."