लाल नाकाची साक्ष

आमच्या एस्टोनियातल्या गावात कुठल्या पुरुषानं काल रात्री ढोसली आणि कुठल्यानं आज सकाळीच सुरुवात केली, हे शाळेत स्वयंपाक करणाऱ्या सालमेला म्हणे तिथल्या स्वयंपाकघराच्या दारातूनच कळायचं. बस-स्टॉपवरचा म्हातारा असो, बटाट्याची पोती उतरवणारा गडी असो, नाहीतर मुलाला सोडायला आलेला बाप असो, बाई आधी हुंगायची आणि मग बोलायची. "बिटासारखं लाल झालंय नाक, आणि म्हणे वाऱ्यानं!" हे ती त्या माणसाला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायची. स्वतः मात्र उभ्या जन्मात थेंब ओठाला लावला नव्हता. नाताळात आख्खं गाव ग्लास उचलायचं तेव्हा ही बर्चच्या झाडाचा रस उचलायची, आणि तोही अशा तोऱ्यात, की बाकीच्यांच्या घशातली कडू व्हावी. नाकानं कांदे सोलावेत तर सालमेनं.

या सगळ्या सोवळेपणाचं भांडवल काय, तर तिचा सख्खा थोरला भाऊ काल्यो.

काल्यो सोव्हिएत काळात सामुदायिक शेतीचा दुधाचा ट्रक चालवायचा. मुळात अबोल माणूस. तिशीपुढे त्याचे गाल लाल झाले, मग नाक लाल झालं, जाड झालं, आणि डोळ्यांतून सारखं पाणी यायला लागलं. "डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय गं," असं तो म्हणायचा. "वाळू नाही, व्होडका गेलीय," असं सालमे म्हणायची. त्याचा कप ती हुंगायची. कपात असायचा गार चहा. पण व्होडकाला वास नसतो, हे ज्ञान तिनं कुठून तरी मिळवलं होतं, त्यामुळे वास आला तरी तो दारुडा, न आला तरी दारुडाच. सूप वाढलं की हा बाबा वाडगा पुढे घेऊन नुसता बसून राहायचा. "गार होऊ दे," म्हणायचा. "दारुड्याला अन्न कुठलं गोड लागायला!" हे तिचं त्यावरचं उत्तर ठरलेलं.

शेवटी एक दिवस ती स्वतःच्या पायांनी सामुदायिक शेतीच्या चेअरमनकडे गेली आणि म्हणाली, "माझ्या भावाच्या हातात गाडी देऊ नका, कोणाचा तरी जीव जाईल." सख्खी बहीण म्हणतेय म्हटल्यावर चेअरमननं तरी काय करावं? ट्रक गेला. आई गेल्यावर सालमेनं घराचं कुलूपही बदललं. काल्यो मुकाट्यानं तळ्याकाठच्या खोपटात राहायला गेला आणि सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, अंगावर मारायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या बांधून विकायला लागला. स्वतः मात्र सॉनाच्या वाफेत कधी पाऊल टाकायचा नाही. त्यावरही गावाचं म्हणणं तयारच होतं: आत गेला तर घामातून दारू बाहेर येईल ना! प्रत्येक गावाला एक दारुडा लागतोच. आमच्या गावाला तो सालमेनं आयता दिला.

आता पुढची गंमत ऐका. पंचेचाळिशी ओलांडली आणि सालमेचे स्वतःचे गाल तापायला लागले. दिवसभर मोठमोठ्या पातेल्यांवर वाकायचं, कोबीचं सूप ढवळायचं, भट्टीचं दार उघडायचं. त्यात तोंड लाल होणारच, असं ती म्हणायची. पण लाली उतरेना. गालावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल रेषा उमटल्या, नाकाभोवती पुटकुळ्या आल्या. काही दिवस बरं वाटायचं, की पुन्हा सगळं तोंड पेटून उठायचं. आरशात बघितलं तर काल्योचंच तोंड तिच्याकडे बघत होतं. तिनं आरसा भिंतीकडे वळवला. त्यानं रोग बरा होत असता तर काय हवं होतं!

दुकानात गेली की बायका बोलायच्या थांबायच्या. हे थांबणं सालमेला चांगलं ठाऊक होतं. ते तिनंच गावाला शिकवलं होतं.

मग बाईनं अक्कल चालवली. आमच्या दक्षिण एस्टोनियात सॉनातून लाल होऊन आलेल्या माणसाला कोणी नावं ठेवत नाही, उलट "वा, छान शेकून निघालीस!" म्हणतात. सालमेनं ठरवलं, आपण रोज सॉनातूनच येतो! शनिवार हा सॉनाचा ठरलेला वार, पण हिला सोमवार नाही, बुधवार नाही, पहाटे उठून सॉनाची चूल पेटवायची. धुराडं धूर ओकायचं आणि बाई लाल तोंड घेऊन कामावर जायची. आत मात्र पाय ठेवायची नाही, कारण वाफेत तिचं तोंड भाजल्यासारखं व्हायचं. धुरासाठी लाकडं जाळणारी बाई आजवर गावानं पाहिली नव्हती.

आणि औषध? तेही ऐकून ठेवा. पुटकुळ्या सुकवायला आमच्याकडची म्हातारी माणसं व्होडकाचा बोळा फिरवतात. सालमेनं आयुष्यात पहिल्यांदा व्होडका विकत घेतली, तीही पार व्होरू शहरात जाऊन, डोक्याला रुमाल गुंडाळून. सॉनाच्या बाहेरच्या खोलीत बसून रोज कापूस बुडवून तोंडाला चोळायची. आग व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं, लाली दुप्पट व्हायची. "औषध लागू पडतंय," असं ती स्वतःला सांगायची.

शेजारीण मारेत ही काही कमी नव्हती. तिच्या दिवंगत नवऱ्याला सालमेनं तीस वर्षं हुंगलं होतं. एका बुधवारी धूर बघून ती टॉवेल आणि जुडी घेऊन थेट दारात हजर झाली.

"काय गं सालमे, रोज एकटीच शेकतेस? शेजारणीला बोलवायची रीत विसरलीस होय?"

"अगं, आज जरा... पाणी नाही भरलेलं."

"मग मी भरते की. सरक!"

मारेत आत घुसली. सॉनाच्या बाकावर बटाट्याचे रिकामे खोके, बादली कोरडी ठणठणीत, दगडांवर धूळ. आणि बाहेरच्या खोलीत खिडकीत बाटली, अर्धी.

मारेतनं बाटलीकडे बघितलं, सालमेच्या तोंडाकडे बघितलं, नाक पुढे केलं आणि मन भरून हुंगलं. "अस्सं!" एवढंच म्हणाली. त्या "अस्सं"मध्ये तीस वर्षांचं व्याज वसूल झालं.

"तोंडाला लावते मी ती! बाहेरून!" सालमे ओरडली.

"हो गं बाई. माझा नवरापण तोंडालाच लावायचा."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी पालक शाळेत आले. आमच्या पोरांचं जेवण दारुडीच्या हातचं? मुख्याध्यापक उर्मासला असला प्रश्न म्हणजे गरम बटाटा. हातात आला की पुढच्याकडे टाकणार. त्यानं सालमेला एकदा त्या पोलिसी नळीत फुंकायला लावलं. शून्य आलं. पालक म्हणाले, "आज नसेल प्यायली." मग उर्मास म्हणाला, "सालमेबाई, सोमवारी पालकांची बैठक घेऊ. तुमच्या बाजूनं कोणीतरी बोलायला आणा. तुम्हाला घरात ओळखणारं कोणीतरी. नाहीतर... तुम्हीच समजून घ्या." ते स्वयंपाकघर गेलं तर सालमेकडे काय उरत होतं? नवरा नाही, मूल नाही. तिनं वाढलेलं सूप भुरकणारी ती पोरं, तेवढाच तिचा संसार.

शेवटी ती व्होरूला डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीण कोवळी पोरगी. तिनं दिव्याखाली तोंड नीट बघितलं, पापण्या उलटवून बघितल्या.

"याला रोझेशिया म्हणतात. आपल्याकडे गोऱ्या कातडीत फार सापडतो. दारूमुळे हा होतो असं नाही. न पिणाऱ्यांनाही होतो."

"मग बरा कधी होणार?"

"मुळापासून जात नाही. वर्षानुवर्षं राहतो, उसळतो, शमतो. पण ताब्यात ठेवता येतो. मलम देते. ऊन, वारा, वाफ, कढत खाणंपिणं, मनस्ताप, यानं तो भडकतो, ते सांभाळा. आणि तोंडाला काही चोळत असाल तर आधी बंद करा. काय लावता?"

सालमेनं रुमाल तोंडावर ओढला. मुलीनं हुंगलं असावं. पण ती नुसतं लिहीत राहिली. आजकालच्या पोरींची काय ही रीत!

"डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं का? काहींचे डोळेही धरतात. पुरुषांचं कधी नाक जाड होतं. घरात कोणाला आहे का असं? हे बऱ्याचदा रक्तातूनच येतं."

"नाही," सालमे म्हणाली. आणि बसमध्ये बसल्यावर तिला काल्योच्या डोळ्यातली वाळू आठवली.

बैठकीच्या आदल्या दिवशी ती तळ्यावर गेली. मनात माया दाटून आली म्हणून नव्हे, कोणी तसं समजू नये. साक्षीदार हवा होता म्हणून. काल्यो दारात जुडी बांधत बसला होता. नाक तेच, डोळे तेच. शेजारी कपात गार चहा. तिचं नाक सवयीनं पुढे गेलं आणि तिचं तिलाच शरमल्यासारखं झालं.

तिनं मलमाची नळी त्याच्यापुढे ठेवली आणि डॉक्टरणीनं सांगितलेलं सगळं एका दमात सांगितलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "व्होरूच्या डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं. रोगाचं नाव विसरलो होतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की. तू माझं तोंड हुंगत होतीस, ऐकत कुठे होतीस?"

राग नाही, आवाज चढवणं नाही. त्यानं जुडीला गाठ मारली. सालमेला वाटलं, याच्यापेक्षा त्यानं हाकलून दिलं असतं तर बरं. "उद्या शाळेत येशील?" तिनं विचारलं. त्यानं जुडी ढिगावर ठेवली. मग म्हणाला, "येईन."

सोमवारी दुपारी जेवणघरात पालक जमले. एवढे लोक प्रगतिपुस्तक घ्यायला कधी येत नाहीत! काल्यो धुतलेला शर्ट घालून आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माझी बहीण पीत नाही. लहानपणापासून कधीच प्यायली नाही. आमच्या रक्तातलं आहे हे तोंड."

मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं जेवणघर खिदळलं.

"वा रे वा!" मारेत म्हणाली. "दारुडीला साक्ष कोणाची, तर दारुड्याची!"

उर्मासनं खांदे उडवले. त्याच्या दृष्टीनं विषय मिटला होता. काल्योनं टोपी डोक्यावर घातली आणि तो दाराकडे वळला. या हसण्याची त्याला सवय होती.

सालमेला नव्हती. आणि हे हसणं कोणी पेरलं, कोणी पाणी घालून वाढवलं, हे तिथं तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. गप्प राहिली तर नोकरी जाणार. बोलली तर अब्रू. दोन्ही ठेवायची सोय तिनं स्वतःच बंद करून टाकली होती.

"थांब, काल्यो!" ती ओरडली. तोंड इतकं पेटलं होतं, की पुढच्या बाकावरची माणसं मागे सरली. "तो दारुडा नाही. कधीच नव्हता. त्याच्या कपात चहा असायचा."

"अगं, तूच तर सांगायचीस आम्हाला!" मारेत म्हणाली.

"हो, मीच. ट्रक गेला तोही माझ्यामुळे. चेअरमनकडे मी गेले होते. तो सांगत होता, आजार आहे, मी ऐकलं नाही. मला दारुडा भाऊ हवा होता. त्याच्याशेजारी मी स्वच्छ दिसायचे."

कोणी हसलं नाही. एका दुपारी गावाचे दोन दारुडे गेले, आणि खरं सांगायचं तर गावाला फार वाईट वाटलं. आता बोलायचं तरी कोणाविषयी? पालक एकेक करून उठले, कोणाला गाई आठवल्या, कोणाला बस. जाताना एकही माणूस काल्योला "चुकलं आमचं" म्हणाला नाही. उर्मास दारातून म्हणाला, "उद्या मुलांना कोबीचंच करा, बरं का सालमेबाई," आणि सटकला. म्हणजे नोकरी राहिली.

जेवणघर रिकामं झालं. सालमेनं पातेल्यातलं उरलेलं सूप वाडग्यात घेतलं, काळ्या पावाचा तुकडा ठेवला आणि काल्योपुढे आणून ठेवलं. वाफा येत होत्या. तो वाडगा पुढे घेऊन नुसता बसून राहिला.

"गार होऊ दे," तो म्हणाला.

सालमेच्या ओठावर जुनं उत्तर आलं होतं. ते तिनं गिळलं, स्वतःसाठी दुसरा वाडगा भरला आणि त्याच्यासमोर बसली. तिनंही चमचा उचलला नाही.