साळूवहिनींच्या डांगराचं बी

साळूवहिनी माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ लवकर गेला. पारनेर तालुक्यात आमची घरं एकाच भिंतीला लागून होती. वहिनींबद्दल लिहायला मला नीट जमेल असं नाही, पण जे घडलं ते माझ्याच हातून घडलं, म्हणून मीच सांगायला हवं.

बहात्तर साली पाऊस पडलाच नाही. सारं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतं. वहिनींनी श्रीगोंद्याकडच्या माहेरातून आणलेलं डांगराचं, म्हणजे लाल भोपळ्याचं, बी वर्षानुवर्षं जपलं होतं. त्या साली उंदरांनी मडकं फोडलं आणि चारच बिया उरल्या. त्यांतली एक उगवली.

शेतं करपल्यामुळे मोहळाच्या माशा दिसेनाशा झाल्या होत्या. माशी आल्याशिवाय डांगर धरत नाही, हे वहिनींना ठाऊक होतं. म्हणून न्हाणीच्या सांडपाण्यावर त्यांनी वेलाभोवती झेंडू आणि सब्जा लावला. कोथिंबीर तर मुद्दाम फुलू दिली.

शेजारची भागूबाई हसायची. "अगं साळे, गावाला प्यायला पानी न्हाई, अन् तू माशांना जेवनं घालतीस व्हय?"

"जेवल्याबिगर त्या कामाला येतील का? तू तरी भाकरीबिगर खडी फोडशील का गं?"

दसऱ्याच्या सुमारास चार-पाच माशा येऊ लागल्या. वेलावर तीन मादी कळ्या होत्या, प्रत्येकीखाली सुपारीएवढं डांगर. "दोन दिसांत उमलतील, भावजी," वहिनींनी मला बोलावून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घण, पहार, घमेलं यांच्याच जिवावर त्या साली आमचं पोट चाललं होतं. त्यांना फूल न वाहणं मला बरं वाटेना. गावात झेंडू फक्त वहिनींकडे, आणि त्या पहाटेच पाण्याच्या रांगेत गेलेल्या. मी न विचारता दहा-बारा फुलं तोडली. मला पाहून भागूबाई आली, मग सगळी आळीच आली. झेंडू संपला तशी सब्जाचे तुरे नेले, कुणी कोथिंबीरही उपटली.

वहिनी हंडा घेऊन परतल्या आणि वाफ्यापाशी थांबल्या.

"वहिनी, हत्याराला फूल नको का?" मी म्हणालो.

"पायजे की," त्या हळूच म्हणाल्या. "पर माशी आता कशाला यील?"

तिन्ही फुलं उमलली. वहिनी कामाला उशीर करून सकाळी माशीची वाट पाहत वेलाशी बसायच्या, पण एकही फिरकली नाही. नर फूल हातानं लावूनही फळ धरवता येतं, हे आम्हाला फार वर्षांनी कळलं. चार-पाच दिवसांत त्या सुपाऱ्या पिवळ्या पडून गळाल्या. नंतर वेलही वाळला.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. मी श्रीगोंद्याला जाऊन आलो. तिथंही ते बी राहिलं नव्हतं, दुष्काळात भाजून खाल्लं म्हणाले. वहिनींनी फुलांचा वाफा मात्र पुन्हा केला, आणि माशाही परतल्या. त्या साली भागूबाईच्या परसात डांगरं लई धरली. तिनं एक आणून दिलं. वहिनींनी त्याची भाजी केली. मी बिया धुऊन त्यांच्यापुढे ठेवल्या.

"हे आपलं न्हाई, भावजी. तुमच्या दारात लावा. फुलं तेवढी राहू द्या."

मी बिया उचलल्या. माफी मागायची होती, ती राहूनच गेली.