मिठाचा संशय

शिनोलीच्या झुंबरबाईचं बीपी वाढलेलं कळलं ते दोन हजार तीन साली, भाताची आवणी उरकल्यावर. घोडेगावच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि मीठ कमी करायला सांगितलं. महिन्यानं तपासलं, तर बीपी आणखी वर.

झुंबरबाईच्या मनात पाल चुकचुकली. स्वयंपाक सून इंद्रायणीच्या हातात, आणि दोघींचं पहिल्यापासून जेमतेमच. आमटीचा भुरका घेऊन ती सुनेच्या तोंडाकडे बघत राही. आमटी अळणी लागली तरी वाटे, आपण बघतोय म्हणून आज कमी टाकलं असेल.

शेवटी तिनं मुलाला, रामदासला सांगितलं, "तुझी बायको मला मिठानं मारतीया."

तो हसला. त्याच दिवशी झुंबरबाईनं पडवीत तीन दगडांची चूल मांडली. नाचणीची भाकरी, अळणी भाजी. पण आवणीपासून धरलेले गुडघे बसून-उठून जास्तच ठणकायचे. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी ती तेव्हापासून रोज एक घ्यायचीच; आता सकाळी एक, संध्याकाळी एक.

एक दिवस चुलीपाशीच तिला भोवळ आली. इंद्रायणीनं तिला जीपमध्ये घालून घोडेगावला नेलं.

डॉक्टर बीपी बघून म्हणाले, "आजी, खरं सांगा. लोणचं-पापड चालू आहे ना?"

"अळणी खाते मी!"

"खरंच खातात," इंद्रायणी म्हणाली. "मी बघते ना रोज. पण डॉक्टर, त्या गुडघ्याच्या गोळ्या घेतात, त्या चालतात का?"

"ते काय औषध हाय व्हय?" झुंबरबाई फणकारली. "दुखण्यावर घेते."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "त्याच गोळीनं अंगात पाणी आणि मीठ साठतं, बीपी चढतं. वर आमच्या गोळीचाही जोर कमी होतो. आजपासून बंद. दुखण्यावर मी दुसरं देतो."

सुनेनं मुद्दाम आपली गोळी बंद करवली, असंच झुंबरबाईला वाटलं. परतताना जीपमध्ये तिनं विचारलं, "माझ्या चुलीवर पाळत ठेवत व्हतीस?"

"ठेवावी लागते, आत्या. धूर दिसला न्हाई की जीव घाबरा व्हायचा. पडल्या-बिडल्या का काय."

झुंबरबाईनं तोंड फिरवलं. घर येईपर्यंत ती बाहेरच बघत राहिली.

दिवाळीपर्यंत बीपी ताळ्यावर आलं. ती पुन्हा सुनेच्या हातचं जेवू लागली. आता मेडिकलवाल्यानं साधी सर्दीची गोळी पुढं केली, तरी ती हात मागं घ्यायची. "आधी सांग, हिनं बीपी चढतं का?"