तेओकाकांच्या हवाली केलेले मासे

रमजान संपत आला की सुराबायातल्या आमच्या गल्लीत घरोघरी माळ्यावरच्या बॅगा खाली येतात. ईदेला ज्याने त्याने आपल्या गावी जायचंच. मागे उरतात ती इनाह आजीसारखी माणसं, ज्यांना प्रवास झेपत नाही. आणि तेओकाका.

तेओकाका आंबोन बेटावरचे, ख्रिस्ती. मालवाहू जहाजावर आचाऱ्याचं काम करण्यात त्यांचा जन्म गेला. लग्न केलं नाही. नोकरी संपल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खोली घेऊन राहिले. आवाज असा, की साधं ‘बरं आहे ना?’ विचारलं तरी भांडतायत असं वाटावं. लोक त्यांना जरा बिचकूनच असायचे. समोरचे हाजी मुख्लास तर मान हलवण्यापलीकडे कधी गेले नव्हते.

आमच्या गल्लीला माशांचं वेड. माझ्या नवऱ्याचा, बगासचा, कपाळावर टेंगूळ असलेला लालभडक लोहान मासा. हाजींच्या टाकीत फुगीर डोळ्यांचे काळे आणि सोनेरी मासे. दरवर्षी सगळ्यांचे मासे बघणारे गृहस्थ त्या वर्षी लेकीकडे राहायला गेले, आणि बगास नाइलाजाने काकांच्या दारात जाऊन उभा राहिला.

“मासे?” काका म्हणाले. “अरे, मी आजवर मासे फक्त कढईत सांभाळलेत!”

“म्हणूनच सांगतो काका, कढईपासून लांब ठेवा.”

काका गडगडून हसले आणि हो म्हणाले. ते ऐकून हाजींसकट बाकीच्यांनीही आपापल्या किल्ल्या आणून दिल्या. निघताना बगासने दाखवलं, “एक दिवसाआड एवढी चिमूट. भुकेने मासा मरत नाही, जास्त खाऊ घातल्याने मरतो. उरलेलं पाण्यात कुजतं.”

“एवढ्यात डासाचं तरी पोट भरेल का? माझ्या जहाजावर असं वाढलं असतं, तर खलाशांनी मलाच समुद्रात टाकलं असतं!”

आम्ही पोनोरोगोला सासरी गेलो. पुढचं काही मला इनाह आजीने सांगितलं, काही काकांनी.

काका हाजींच्या घरात शिरले की मासे काचेशी यायचे आणि तोंड उघडमिट करायचे. आयुष्यभर भुकेल्यांना वाढलेल्या माणसाला ते बघवेना. ईदेच्या आदल्या दिवशी त्यांच्या मनात आलं, सगळी दुनिया उद्या गोडधोड खाणार, यांनीच काय पाप केलंय? आणि त्यांनी मूठभर खाणं टाकलं.

सकाळी टाकीतलं पाणी पेजेसारखं पांढरं झालं होतं. सगळ्यात मोठा काळा मासा आडवा तरंगत होता. काकांनी तो ओंजळीत घेतला, हलवून पाहिला. उपयोग नव्हता. ते बाहेर पायरीवर येऊन बसले आणि चक्क रडायला लागले.

“गप रे,” रडणं ऐकून आलेली इनाह आजी म्हणाली. “बाजार उघडला की दुसरा आण. हाजीला काय कळतंय? काळे सगळे सारखेच.”

“मला कळेल ना, आजी.”

त्यांनी हाजींना फोन लावला. हाजी मादुरा बेटावर, भावाच्या घरी. मागे पोरांचा कालवा, भांड्यांचे आवाज.

“हाजी, तुमचा मोठा काळा मासा गेला. माझ्यामुळे गेला. मी जास्त खायला घातलं.”



“बाकीचे?” हाजींनी विचारलं.

“वर येऊन तोंडं वासतायत.”

“मागच्या अंगणात पिंपात पाणी भरून ठेवलंय. टाकीतलं निम्मं काढा, ते घाला. दोन दिवस काही म्हणजे काही देऊ नका.” मग हाजींनी विचारलं, “तुम्ही जेवलात का?”

“अजून नाही,” काका म्हणाले.

“आज ईद आहे, तेओभाऊ. इनाह आजीकडे जाऊन जेवा. तिने रांधलंच असेल. मी सांगतो तिला.”

काका पाणी बदलून मग आजीकडे गेले. नारळाच्या रसातली कोंबडी आणि वाफवलेला भात त्यांनी मान खाली घालून खाल्ला. आजी म्हणते, इतका गप्प माणूस माझ्या पंगतीला कधी बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गल्लीची वीज गेली. टाक्यांमधले हवेचे पंप बंद पडले. काकांनी आजीला आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला हाक मारली, प्रत्येकाच्या हातात मग दिला. पाणी काढायचं, वरून धार धरून परत टाकीत सोडायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. काका या घरातून त्या घरात धावत होते. आजीने आमच्या घरी स्टूल टाकलं. लोहान दर खेपेला तिच्या बोटांवर झेपावायचा.

“मेल्या, तुझ्याचसाठी चाललंय हे!” आजी ओरडायची आणि पुन्हा मग बुडवायची.

ऊन कललं तेव्हा वीज आली. तोवर तिघांचे खांदे गेले होते, पण सगळ्या टाक्यांमधले मासे पोहत होते.

आम्ही परतलो तेव्हा काकांनी दारातच आधी त्या काळ्या माशाचं सांगितलं, मग नमस्कार केला. कुणी केळ्याचे वेफर्स आणले, कुणी गूळ. त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. हाजी सगळ्यांच्या शेवटी आले. काकांनी किल्ली पुढे केली. हाजींनी ती घेतली नाही.

“राहू द्या तुमच्याकडेच. आणि एक सांगतो, कुणाला बोलू नका. पहिल्या वर्षी मी लाड करून करून अख्खी टाकी मारली होती.”

काका पोट धरून हसले. त्या दिवसापासून संध्याकाळी दोघं हाजींच्या ओट्यावर कॉफी घेऊन बसायला लागले.

तिथेच एकदा हाजींनी विचारलं, “आंबोनला तुमचं कुणीच नाही?”

“बहीण आहे. गेलो नाही कधी. इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने जाऊ?”

नाताळाच्या तोंडावर हाजींनी काकांसाठी बोटीचं तिकीट काढून आणलं. बगासने बॅग दिली, मी वाटेसाठी डबा दिला. हाजींनी स्वतः त्यांना स्कूटरवरून धक्क्यावर नेलं. बोट दिसेनाशी होईपर्यंत ते तिथेच उभे होते म्हणे.

संध्याकाळी मी झाडांना पाणी घालत होते. हाजी ओट्यावर एकटेच बसले होते. गल्लीत पोरं खेळत होती, सगळी दारं उघडी होती.

“वुलान,” ते मला म्हणाले, “गल्ली किती रिकामी वाटते गं आज.”